व्याही, फीड पंप आणि कातळवाडीची चढण

निघताना बायकोनं हातात दोन डबे दिले. एकात भाकरी आणि लसणाची चटणी, दुसऱ्यात आमच्या जीपचा मेलेला फीड पंप. दोन्ही डबे अ‍ॅल्युमिनियमचे, एकाच मापाचे, एकाच दुकानातले. मी म्हटलं, खूण कर कायतरी. ती म्हणाली, खूण कशाला, जो जड तो पंप. तिची भाकरी आजवर कधी हलकी झालेली नाही, पण लग्नघरात वाद नको म्हणून वाडीची उतरण धरली.

माझं शिक्षण चौथी. तीही सलग नाही. पण जीप चालवायला आणि खोलायला मी कुणाच्या दारात गेलो नाही. ही जीप मी लिलावात घेतली तेव्हा तिच्यात पेट्रोलचं इंजिन होतं. ते काढून डिझेलचं बसवलं. टाकी एका मोडीत निघालेल्या टेम्पोची, ती मागच्या बाकाखाली ठोकली, तिचं झाकण बाकाच्या कडेला येतं. मागचा बाक दवाखान्यातला. असं सगळं निरनिराळ्या घरचं असलं तरी चारही चाकं ओढणारी गाडी बारवी धरणाच्या त्या अंगाला माझ्याकडेच होती. आमची कातळवाडी डोंगरात. शेवटचा चढ असा की बैल मागं वळून मालकाकडे बघतात. तिथं माझी जीप चढायची.

ऐंशी साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. माझ्या धाकट्या मुलीचं, कुसुमचं लग्न अंबरनाथला ठरलं. व्याही विठ्ठलराव एका कारखान्यात ऑफिसर, अंगात कायम सफारी. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका डोंगर चढणार नाहीत. जीप वर आणणार असाल तर लग्न तुमच्या दारात, नाहीतर अंबरनाथला हॉल. मी म्हटलं, जीप आणणार. त्यावर मुहूर्तमेढ रोवली, अंगणात मांडव घातला. एकदा मेढ रोवल्यावर मांडव दुसरीकडे नेत नाहीत, आणि कुसुमचंही एकच म्हणणं होतं की मी निघेन ती या अंगणातून निघेन. लग्न दोन दिवसांवर आलं आणि जीप बारवी रस्त्यावरच्या चिंचेखाली जी थांबली ती थांबलीच.

फीड पंप म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाला पाजणारा. त्याच्या पोटात रबरी पडदा असतो, तो वरखाली होतो तेव्हा डिझेल पुढं सरकतं. मी पंप खोलून बघितला तर पडदा जुन्या पापडासारखा चिरलेला. असा पंप मिळणार उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. म्हणून ही यात्रा.

बदलापूरपर्यंत पायी आलो. उल्हास नदीच्या पुलावर उभा राहिलो तर गवताच्या पेंढ्यांचा ट्रक दिसला. कल्याणकडच्या तबेल्यांना गवत नेत होता. ड्रायव्हरला हात केला. केबिनमध्ये जागा नाही म्हणाला, वर बसा. वर बसलो. गवतावरून बदलापूर-अंबरनाथ रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, आंब्याच्या फांद्या थेट तोंडावर येतात. माणसानं कैरी खावी की डोळा वाचवावा, एवढाच विचार करायला वेळ असतो. मी एक कैरी मिळवली. डोळाही वाचला. डाव्या बाजूला डोंगर, उजव्या बाजूला वीटभट्ट्या, आणि पुढं अंबरनाथ जवळ येईल तशा कारखान्यांच्या चिमण्या.

सोमवार होता. ड्रायव्हरनं ट्रक शिवमंदिराकडे वळवला, म्हणाला, दर्शन घेतल्याशिवाय मी पुढं जात नाही. मीही उतरलो. हे देऊळ काळ्या दगडाचं, फार जुनं. बाहेरच्या भिंतीवर इतकी चित्रं कोरलीत की बघणारा देवाकडे जायला विसरतो. दुसऱ्या देवळांत देव वर असतो, इथं खाली. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जायचं, अंधार, पायाखाली पाणी, वास बेलाचा. मी दोन्ही डबे पिशवीत घालून पोटाशी धरले आणि उतरायला लागलो. खालून एक माणूस वर येत होता. वाट एका माणसाची. कुणी मागं सरायचं, यावर आम्ही दोघं अंधारात अडलो. मी सरणारा नव्हतो. तोही नव्हता. मग त्यानं तोंड जवळ आणलं, तर विठ्ठलराव.

आमच्यात पहिली पत्रिका देवाला देतात. विठ्ठलरावांकडून ती गडबडीत राहून गेली होती, तीच ठेवायला ते आले होते. काखेत उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता.

"दामूअण्णा, तुम्ही इकडे? जीप कुठाय?"

"सावलीला," मी म्हटलं.

यात खोटं काही नव्हतं. चिंचेची सावली चांगली दाट आहे. पिशवीत काय, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, लग्नाचंच सामान. तेही खरंच. त्या सामानाशिवाय लग्न होणार नव्हतं. मी उल्हासनगरला निघालोय म्हटल्यावर ते म्हणाले, वा, मलाही धाकट्या पोरांना जीनच्या पँटी घ्यायच्यात, बरोबरच जाऊ. व्याही मुलाकडचा. त्याला नको कसं म्हणायचं.

गवताचा ट्रक सोडून द्यावा लागला, सफारीवाला माणूस पेंढ्यांवर बसणार नव्हता. शेअर रिक्षा केली. रिक्षात विठ्ठलरावांचं पित्त उसळलं. त्यांना वेळेवर दोन घास लागतात, नाहीतर डोकं धरतं. त्यांनी माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, काही खायला आहे का. मी दोन्ही डबे हातात तोलले. हलका तो भाकरीचा, या हिशेबानं हलका त्यांच्या हातात दिला. त्यांनी मांडीवर रुमाल पसरला, झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. रिक्षावाल्यानंही आरशातून बघितलं.

"दामूअण्णा, हे काय?"

"रुखवतात मांडायचंय," मी म्हटलं.

रुखवत म्हणजे मुलीकडचे लाडू, चकल्या, भरतकाम मांडून दाखवतात ते. त्यात तेलकट पंप त्यांनी आजवर पाहिला नव्हता. ते म्हणाले, ही तुमच्याकडची पद्धत दिसते. मी म्हटलं, डोंगराकडची. मग दुसरा डबा उघडला आणि त्यांनी भाकरी खाल्ली. खाताना पंपाकडे संशयानं बघत होते. तेव्हाच बायकोला मनातल्या मनात सांगून टाकलं, जड-हलक्याचा हिशेब बाईमाणसानं भाकरीला लावू नये.

कॅम्प तीन म्हणजे गल्लीत गल्ली आणि गल्लीत दुकान. दोन्ही बाजूंना जीनच्या पँटी टांगलेल्या, मधून चालताना वाटतं की बिनधडाची माणसं लग्नाला निघालीत. शिलाई मशिनांचा आवाज वरच्या मजल्यावरून पावसाळी नाल्यासारखा येतो. विठ्ठलराव पँटी चाचपत मागं राहतील आणि मी पटकन पंप घेईन, असा माझा बेत होता. पण माझं पाऊल जिकडे वळेल तिकडे त्यांचं. तसे आम्ही दोघं एका स्पेअर पार्टच्या दुकानात शिरलो.

दुकानदार सिंधी, पोट मोठं, चष्मा कपाळावर. त्यानं आधी पापड आणि पाणी दिलं. आपण पाहुण्याला गूळपाणी देतो तसं हे लोक पापडपाणी देतात. भाजलेला पापड, वर थंड पाणी. मला पद्धत आवडली. पापड खाताना माणूस बोलू शकत नाही, त्यामुळे तेवढा वेळ माझं गुपित टिकलं. पापड संपला आणि मी डबा त्याच्यापुढं ठेवला.

त्यानं पंप उचलला. एका तोंडावर बोट ठेवलं, बाजूची छोटी दांडी हलवली, मान हलवली.

"साईं," तो म्हणाला. साईं म्हणजे त्यांच्यात मालक. "इसका पडदा गया. गाडी तो खडी हो गई होगी."

विठ्ठलरावांनी माझ्याकडे बघितलं. "गाडी बंद आहे?"

"बंद नाही," मी म्हटलं, "थांबलेली आहे."

काउंटरवर फोन होता. विठ्ठलरावांनी दुकानदाराला विचारून त्यावर हात ठेवला. हॉलवाला ओळखीचा आहे, आत्ता सांगून टाकतो, म्हणाले. पाहुण्यांना अर्ध्या डोंगरात उतरवायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यात त्यांचं चुकत होतं असंही नाही. पण मला अंगणातली मेढ दिसली, शेजारी उभी असलेली कुसुम दिसली, आणि मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. मी म्हटलं, आज माझ्याबरोबर चला. ऊन कलायच्या आत जीपनं तुम्हाला माझ्या मांडवात उतरवलं तर लग्न माझ्या दारात. नाही उतरवलं तर तुमचा हॉल, आणि मी स्वतः त्याच्या दारात गुलाबपाणी शिंपडत उभा राहीन.

त्यांचा हात फोनवरच होता. दुकानदार म्हणाला, "साईं, लडकी की शादी है. पहले गाडी देखो. फोन कहीं भागता नहीं."

अशा रीतीनं व्याही माझ्याबरोबर निघाले. पण त्याआधी नवा पंप पारखून घेतला. दुकानदारानं दांडी हलवत विठ्ठलरावांना पंपाच्या तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. पंपानं बोट धरलं. विठ्ठलराव चमकले. "ओढतोय," म्हणाले, आणि पुन्हा ठेवलं. मग पुन्हा. पंपाबरोबर कागदाचं नवं पॅकिंग घ्या, असं दुकानदारानं सांगितलं. पॅकिंग म्हणजे पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारी चकती, तिच्यामुळे तेल बाहेर येत नाही. मी म्हटलं, जुनं चांगलं आहे. त्यानं दोनदा सांगितलं. मी दोनदा नको म्हटलं. माणसानं एकदा नाही म्हटलं की नाही.

बदलापूरला येऊन टांगा केला. घोडा सावकाश, विठ्ठलराव उतावीळ. पूल ओलांडून चिंचेखाली पोचलो तर जीपच्या ड्रायव्हर सीटवर ताराबाईची कोंबडी बसलेली. ताराबाईचं तिथं चहाचं खोपट. ती म्हणाली, उठवू नका, अंडं घालतेय. आम्ही चहा घेतला आणि कोंबडीची वाट बघितली. विठ्ठलराव घड्याळ बघत होते. कोंबडी उठली, ताराबाईनं अंडं उचललं आणि मी बॉनेट उघडलं.

पंप बदलणं फार अवघड नाही. दोन बोल्ट, दोन पाइप. जुना पंप बसतो ती जागा खरवडून स्वच्छ करायची. मी खरवडायला घेतलं आणि जुन्या पॅकिंगचा भुगा झाला.  विठ्ठलराव नुसते खोकले. मी इकडं तिकडं बघितलं. जाड कागद हवा होता. आसपास जाड कागद एकच होता आणि तो त्यांच्या काखेत होता.

पत्रिका मागितली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, शुभकार्याची पत्रिका इंजिनाखाली घालता? मी म्हटलं, शुभकार्यासाठीच घालतोय. गणपती कापायचा नाही, या बोलीवर त्यांनी एक दिली. मी गणपतीची बाजू त्यांच्या खिशात परत ठेवली, खालचा भाग पंपाच्या बुडावर धरला, पान्याच्या डोक्यानं कडेकडेनं ठोकला. जिथं ठोकू तिथं कागद कापत जातो. दोन बोल्टांची भोकं, मधलं मोठं भोक. ग्रीस फासलं. "आपले नम्र" आणि खाली विठ्ठलरावांचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट, पंपाखाली बसलं. कागद उत्तम होता. पत्रिकेत त्यांनी हात आखडला नव्हता, हे मान्य केलं पाहिजे.

पाइपात हवा राहिली तर डिझेल गाडी सुरू होत नाही. म्हणून फिल्टरवरचा स्क्रू सैल करून पंपाची दांडी हातानं हलवत बसायचं. आधी बुडबुडे येतात, मग नुसतं डिझेल. ते काम विठ्ठलरावांनी मागून घेतलं. बोट ओढल्यापासून त्यांचा पंपावर जीव जडला होता. बुडबुडे थांबले, मी स्क्रू आवळला, चावी फिरवली. जीपनं काळा धूर सोडला आणि उठली. ताराबाईच्या सगळ्या कोंबड्या रस्त्यापलीकडे गेल्या.

मी विठ्ठलरावांकडे बघितलं. ते म्हणाले, चढण अजून लांब आहे.

आणि पहिल्या वळणावरच जीप थांबली.

डिझेल आहे का बघायला मी मागं जाऊन टाकीचं झाकण काढलं. आतून फुस्स असा मोठा सुस्कारा आला. काठी घालून बघितलं, डिझेल भरपूर. झाकण लावलं, चावी फिरवली, सुरू. थोडं गेलो, पुन्हा थांबली. पुन्हा झाकण, सुस्कारा, काठी, सुरू. असं दोन-चार वेळा झालं तेव्हा मी म्हटलं, काठीचा गुण आहे. ही काठी घेऊन जाऊ. विठ्ठलराव म्हणाले, काठीचा नाही, झाकण काढण्याचा गुण आहे. मी म्हटलं, काठी.

"मग झाकण न काढता काठी घालून दाखवा," ते म्हणाले.

मी मान्य केलं नाही. ते रागानं मागच्या बाकावर जाऊन बसले, झाकण काढून मांडीवर ठेवलं, टाकीच्या तोंडावर रुमाल धरला आणि म्हणाले, "आता चालवा."

जीप थांबली नाही. वाटेतली आंब्याची राई गेली, ओढ्याचं कोरडं पात्र गेलं. ऊन डोंगराच्या खांद्यावर आलं होतं. चढाच्या पायथ्याशी मी पुढची चाकं जोडली, लहान गिअर टाकला. वाट गाडीच्या पुढं नाही, वर असते तिथं. चाकांखालून दगड सुटत होते, टाकीतलं डिझेल हिंदकळून रुमालातून उडत होतं, आणि मागून विठ्ठलरावांचा आवाज येत होता, थांबू नका, दामूअण्णा, मी धरलंय, थांबू नका. मधल्या कातळावर मागची चाकं घसरली. जीप हातभर मागं आली. मी देवाचं नाव घेतलं नाही, पंपाचं घेतलं. मग पुढच्या चाकांनी कातळ धरला आणि एकदम समोर आंब्याचं तोरण, केळीचे खांब आणि माझं अंगण.

मी जीप थेट मांडवात घातली. बायका बाजूला पळाल्या. विठ्ठलराव उतरले. सफारी छातीपासून गुडघ्यापर्यंत डिझेलनं भिजलेली, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात झाकण. कुसुम दारात उभी होती. तिनं होणाऱ्या सासऱ्याला त्या अवतारात बघितलं आणि पदर तोंडाशी नेला. ते तिला म्हणाले, "पोरी, लग्न इथंच."

झाकण बायकोनं त्यांच्या हातातून घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. त्या झाकणावर दर दसऱ्याला आणि पाडव्याला मी तेलात कालवलेला शेंदूर लावतो. गाडी खाते त्या तोंडाची पूजा आधी करावी, असं माझं मत. वर्षांवर वर्षं बसून तो शेंदूर मारुतीच्या अंगावर चढतो तसा जाड झाला होता. बायको तोरण ओवत बसली होती, तिच्या हातात मोठी सुई होती. तिनं शेंदरात ती खुपसली. आत बारीक भोक निघालं, आरपार.

"नाक चोंदलेलं पोर दूध पिईल का?" ती म्हणाली. "ओढून ओढून पंपाचा ऊर फाटला. आनि ह्ये दोघं झाकण घेऊन वरात काढतात."

विठ्ठलराव माझ्याकडे बघून म्हणाले, काठी. एवढंच म्हणाले. मी त्यांना आणि तिला दोघांनाही सांगितलं, भोकातून टाकीत हवा जायची असते तर बनवणाऱ्यानं तसं झाकणावर लिहायला नको? तोंड दिसलं की माणूस पूजा करणारच. आणि पंप फाटलेलाच होता, तेव्हा उल्हासनगरची माझी खेप वाया गेली असं कुणी म्हणू नये.

लग्न अंगणात झालं. जीपच्या दिवसभर फेऱ्या चालू होत्या. झाकण आता नीट होतं, भोक मोकळं होतं, तरी प्रत्येक फेरीला विठ्ठलराव टाकीशेजारी बसायचे. नवी सफारी घालून. त्यांच्या म्हाताऱ्या आत्यानं विचारलं, तू मुलाचा बाप, पुढं बस की. ते म्हणाले, आत्या, तुला यातलं कळत नाही, ही गाडी सांभाळून न्यावी लागते. परतीच्या वाटेवर, वरात उतरवून मी रिकामी जीप वर आणत होतो, तेव्हा लक्षात आलं की गाडीत आता डिझेलचा आणि मोगऱ्याचा एकत्र वास येतोय. तो पुढं बरेच दिवस राहिला.

तो पंप अजून चालतो. पॅकिंगही तेच आहे, बाहेर आलेल्या एका कडेवर "नम्र" एवढं अजून वाचता येतं. विठ्ठलराव आले की बॉनेट उघडून ते पाहुण्यांना दाखवतात. दसऱ्याला मी झाकणाला शेंदूर लावतो. ती पद्धत मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. बायको सुई घेऊन शेजारी उभी असते. मी लावतो, ती टोचते, आणि मग आम्ही गाडी सुरू करतो.